वडिलांना दुसऱ्याचे स्वरयंत्र बसवता येईल का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात खरे तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुमचे वडील 58 वर्षांचे आहेत, गेली 30 वर्षे सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे सौदे पुकारतात आणि विडीची सवयही जवळपास तितकीच जुनी आहे. दिवाळीपासून त्यांचा घसा बसला तो सुटला नाही. दुर्बिणीने तपासून तुकडा काढल्यावर कॅन्सर निघाला, सीटी स्कॅनमध्ये गाठ स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाडाची चौकट, फोडून बाहेर आलेली दिसली आणि डॉक्टरांनी पूर्ण स्वरयंत्र काढण्याचा सल्ला दिला. त्याच आठवड्यात तुम्ही मोबाइलवर अमेरिकेत कॅन्सरच्या रुग्णाला नवे स्वरयंत्र बसवल्याची बातमी वाचलीत. आता तुम्ही विचारता की वडिलांच्या बाबतीत असे करता येईल का, त्यासाठी ऑपरेशन काही महिने लांबवावे का, आणि तशीच वेळ आली तर मुलगा म्हणून तुम्हाला स्वतःचे स्वरयंत्र देता येईल का.

आधी सरळ उत्तरे देतो, कारण अशा दिवसांत लांबण लावलेली माणसाला सोसत नाही. वडिलांच्या आजाराच्या आजच्या अवस्थेत स्वरयंत्राचे प्रत्यारोपण हा पर्याय नाही. त्याच्या आशेवर ऑपरेशन लांबवू नये. आणि जिवंत माणसाचे स्वरयंत्र काढून दुसऱ्याला देता येत नाही. मूत्रपिंडे दोन असतात, स्वरयंत्र एकच असते, आणि ते दिल्यावर तुमची अवस्था वडिलांसारखीच होईल. जगात आजवर जी काही मोजकी प्रत्यारोपणे झाली, ती मृत दात्यांच्या अवयवांवरच झाली. ही तीन उत्तरे देऊन थांबता आले असते, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात चौथा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: स्वरयंत्र गेल्यावर बाबा बोलणार कसे? माझ्या मते सगळा भर त्या प्रश्नावर हवा. मी सोलापुरात कान-नाक-घशाचा सर्जन म्हणून 27 वर्षे काम करतो आहे आणि या काळात स्वरयंत्र काढलेले अनेक रुग्ण पुन्हा बोलताना, भांडताना आणि दुकान चालवताना पाहिलेले आहेत.

मूत्रपिंड, यकृत, हृदय बदलता येते, मग घशातला एवढासा अवयव का बदलता येऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वरयंत्राचे नावच थोडे फसवे आहे. आवाज काढणे हे त्याचे वरकड काम. मूळ काम राखणदारीचे आहे. घशाच्या ज्या ठिकाणी हवेची आणि अन्नाची वाट वेगळी होते, तिथे तो दरवाजा बसलेला आहे. श्वास घेताना तो उघडायचा, घास गिळताना घट्ट मिटायचा, आणि बोलताना अलगद जवळ येऊन फुप्फुसांतून येणाऱ्या हवेवर थरथरायचे, ही तिन्ही कामे तो दिवसभर न चुकता करतो. घाईत पाणी पिताना ठसका लागतो, तो या दरवाजाचा क्षणभराचा घोटाळा असतो.

मूत्रपिंड बसवताना रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी जोडली की ते बऱ्याचदा ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी तयार करू लागते. स्वरयंत्राचे तसे नाही. त्याला रक्त मिळाले की ते जिवंत राहील, पण हलणार नाही, कारण हलण्यासाठी मज्जातंतू जोडून ते कामाला लागावे लागतात. हे मज्जातंतू मोठ्या अडनिड्या वाटेने येतात. डाव्या बाजूचा मेंदूकडून निघून मानेतून छातीत उतरतो, हृदयाच्या वरच्या महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राला मिळतो. शिवाय दरवाजा उघडणारे आणि मिटणारे दोन्ही प्रकारचे तंतू त्या एकाच बारीक दोरीत मिसळलेले असतात. तोडलेली दोरी जोडली की तंतू वाढतात खरे, पण आपापल्या जुन्या स्नायूकडे पोहोचतीलच असे नाही; काही उघडणाऱ्या स्नायूकडे जायचे ते मिटणाऱ्याकडे जातात. मग श्वास घेण्याच्या क्षणीच दरवाजा मिटू पाहतो. त्यामुळे नवे स्वरयंत्र बसवूनही श्वासासाठी मानेवर पाडलेले भोक ठेवावे लागू शकते, ही गोष्ट बातमीच्या मथळ्यात येत नाही.

आता तुम्ही वाचलेल्या बातमीकडे वळतो. ती खरी आहे. 29 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मेयो क्लिनिकच्या डॉ. डेव्हिड लॉट यांच्या पथकाने सुमारे 21 तास चाललेल्या शस्त्रक्रियेत एका रुग्णाला स्वरयंत्र बसवले, आणि तीन आठवड्यांनी तो रुग्ण बोलला. मात्र त्या रुग्णाच्या दोन गोष्टी तुमच्या वडिलांहून पूर्ण वेगळ्या होत्या आणि सगळा फरक त्या दोन गोष्टींत आहे. पहिली, त्याचा कॅन्सर कूर्चेतून उगवलेला, सावकाश वाढणारा आणि शरीरात क्वचितच पसरणारा होता. विडी-तंबाखूने होणारा, घशाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर तो नव्हता. दुसरी, त्याचे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण आधीच झालेले असल्यामुळे परका अवयव टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तो अगोदरपासूनच घेत होता. म्हणजे स्वरयंत्रासाठी त्याला वेगळी किंमत नव्याने मोजावी लागणार नव्हती. असा योग सहसा जुळत नाही, आणि तो जुळला म्हणूनच डॉक्टरांनी चाचणीच्या स्वरूपात पाऊल उचलले.

प्रतिकारशक्ती दाबण्याच्या या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळतो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. दुसऱ्याचा अवयव शरीरात आला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड अशी औषधे तो अवयव अंगात असेपर्यंत घ्यावी लागतात, रक्तातले त्यांचे प्रमाण वारंवार तपासावे लागते आणि मूत्रपिंडावर व रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे लागते. पण ज्या पेशींना आपण झोपवतो, त्याच पेशी शरीरात उरलेसुरले कॅन्सरचे कण टिपण्याचे कामही करत असतात. गाठ कितीही नीट काढली तरी डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणारे काही कण मागे राहिले नसतील, अशी हमी कोणताही सर्जन देऊ शकत नाही. पाखरे राखणाऱ्यालाच झोपेची गोळी देऊन ज्वारीचे कणीस वाचवण्याची आशा धरावी, तसा हा प्रकार होतो.

ही केवळ शंका नाही. 1969 मध्ये बेल्जियममधील गेंट येथे स्वरयंत्राच्या प्रत्यारोपणाचा जो पहिला प्रयत्न झाला, तो कॅन्सरच्याच रुग्णावर झाला होता. त्याचा कॅन्सर उलटला आणि काही महिन्यांत तो दगावला. त्यानंतर जवळपास तीन दशके या वाटेला फारसे कोणी गेले नाही. पुढे 4 जानेवारी 1998 रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मार्शल स्ट्रोम यांच्या पथकाने पूर्ण स्वरयंत्र बसवले, तेव्हा त्यांनी निवडलेला रुग्ण कॅन्सरचा नव्हता; मोटारसायकलच्या अपघातात त्याचे स्वरयंत्र चिरडले होते आणि तो सुमारे 20 वर्षे मुका होता. तो तिसऱ्याच दिवशी बोलला, पुढे त्याचा आवाज चांगला राहिला, पण 14 वर्षांनी शरीराने तो अवयव नाकारला आणि काढून टाकावा लागला. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या शस्त्रक्रियेतील महिलेला कॅन्सर नव्हता आणि तीही आधीच्या मूत्रपिंड व स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणामुळे तीच औषधे घेत होती. 2023 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथील महिलेचा घसा श्वासासाठी नळी घातल्यानंतर आकसलेला होता. पोलंड आणि कोलंबियातही असे प्रयत्न झाले आहेत. हा सगळा इतिहास मी माहिती दाखवण्यासाठी सांगत नाही. रुग्ण निवडताना गेंटनंतरच्या या सर्व मंडळींनी काय टाळले ते पाहावे, एवढ्यासाठी सांगतो: ताजा, अस्तराचा, गाठी पसरवणारा कॅन्सर सगळ्यांनीच टाळला.

एक व्यावहारिक अडचणही आहे. तुमच्या वडिलांच्या टप्प्याच्या आजारात ऑपरेशनवर काम भागत नाही. जखम भरली की साधारण सहा आठवड्यांच्या आत मानेवर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते सुरू करावे लागते आणि आठवड्यातून पाच दिवस असे सुमारे सहा आठवडे चालते. नुकतेच बसवलेले, जोडण्या कच्च्या असलेले परके स्वरयंत्र त्या किरणांखाली धरणे शक्य नाही, आणि त्याच्यासाठी रेडिएशन टाळणे म्हणजे मूळ आजाराला मोकळे रान देणे. म्हणून कॅन्सर होऊन गेलेल्यांच्या बाबतीत प्रत्यारोपणाचा विचार करणारे डॉक्टर सहसा काही वर्षे, बहुधा पाच वर्षे, आजार परतत नाही हे पाहूनच पुढची भाषा बोलतात. तोपर्यंत बहुतेक रुग्ण दुसऱ्या मार्गाने इतके चांगले बोलू लागलेले असतात की जन्मभराच्या औषधांचा सौदा त्यांनाच परवडेनासा वाटतो. हृदय किंवा यकृत बदलले नाही तर माणूस जगत नाही; स्वरयंत्र नसताना माणूस चांगला जगतो. त्यामुळे तराजूचे पारडे इथे वेगळ्या बाजूला झुकते.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी सांगतो, कारण तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढावेच लागते असे मुळीच नाही. गाठ लहान असेल तर निव्वळ रेडिएशनने किंवा लेझरने ती बरी होऊ शकते आणि आवाजही राहतो. मध्यम गाठीला केमोथेरपी व रेडिएशन एकत्र देऊन स्वरयंत्र वाचवण्याचा प्रयत्न करतात. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 332 रुग्णांच्या अभ्यासात केमोथेरपी आणि रेडिएशन घेतलेल्या गटात सुमारे 64 टक्के जणांचे स्वरयंत्र वाचले होते आणि जगण्याचे प्रमाण ऑपरेशनवाल्यांइतकेच होते. परंतु त्याच अभ्यासात सर्वांत मोठ्या, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या गाठी असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांचे स्वरयंत्र अखेर काढावेच लागले, आणि रेडिएशन झालेल्या मानेवर नंतर केलेले ऑपरेशन भरून यायला फार त्रास देते. कूर्चा फुटलेली असेल तर पहिल्यांदाच ऑपरेशन करा, असे डॉक्टर म्हणतात ते या अनुभवावरून.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना नेमके विचारा: कूर्चा आतून कुरतडली आहे की पूर्ण फुटली आहे, गिळताना अन्न श्वासनलिकेत उतरते का, आणि मानेत गाठी आहेत का. कधी कधी स्वरयंत्र जागेवर राहते पण काम करत नाही, पाण्याचा प्रत्येक घोट फुप्फुसात जातो आणि रुग्ण निमोनियाने खंगतो. असे निकामी स्वरयंत्र राखण्यात काही हशील नसते. दुसरे मत घ्यायला हरकत नाही, ते घ्यावेच. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईला टाटा मेमोरियल आहे. फक्त दुसरे मत आठ-दहा दिवसांत घ्या, आणि सोबत तुकड्याचा रिपोर्ट, काचा-ब्लॉक (म्हणजे तपासणीसाठी जपून ठेवलेला तो तुकडा) आणि सीटी स्कॅनची सीडी न्या, म्हणजे तपासण्या नव्याने सुरू होणार नाहीत.

दिरंगाईबद्दल इतके आवर्जून लिहिण्याचे कारण माझ्याच ओपीडीत घडलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाला मी ऑपरेशन सांगितले. घरच्यांनी ‘विनाऑपरेशन’ इलाज देणाऱ्या एका ठिकाणी तीन महिने काढले. परत आले ते मध्यरात्री, कोंडलेला श्वास घेऊन, आणि मला आधी गळ्याला भोक पाडून जीव वाचवावा लागला. तीन महिन्यांपूर्वी जी गाठ पूर्ण निघाली असती, ती तोवर गळ्याच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. मीही तेव्हा चुकलो होतो, हे मान्य करतो. ‘आवाज जाईल’ एवढेच मी त्यांना सांगितले होते, तो परत कसा येतो ते सांगितलेच नव्हते. माणूस पळतो तो ऑपरेशनपासून नव्हे, मुकेपणापासून. तुमचे वडील ‘कांद्याचा हंगाम होऊ द्या, मग बघू’ म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे. हंगामाची गोष्ट तोंडदेखली आहे. मनात तीच भीती असावी, असे मला वाटते.

इथवरचे थोडक्यात असे: नवे स्वरयंत्र टिकवणारी औषधे कॅन्सरला मोकळीक देतात, नंतरचे रेडिएशन नव्या अवयवाला सोसत नाही, आणि ऑपरेशन लांबवले तर जीव धोक्यात येतो. आता बोलण्याकडे वळू.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे तोंड मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याखालच्या दोन्ही हाडांच्या मधल्या खळगीत कायमचे बसवले जाते. नाक-तोंडाचा फुप्फुसांशी संबंध सुटतो. जीभ, ओठ, दात, टाळू मात्र जागेवर असतात. म्हणजे शब्द घडवणारी सगळी हत्यारे शाबूत असतात, फक्त त्यांना पुरवायचा नाद नसतो. तो नाद तीन प्रकारे देता येतो. पहिला प्रकार म्हणजे हातात धरायचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. ते हनुवटीखाली टेकवून कळ दाबली की घुमणारा आवाज तोंडात शिरतो आणि रुग्ण त्याचे शब्द करतो. शिकायला सोपे, पण आवाज एकसुरी. आणि कळ दाबलेली असेपर्यंत नाद चालूच असल्यामुळे सगळी अक्षरे घोष होतात, ‘काय’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘गाय’ वाटते. दुसरा प्रकार अन्ननलिकेतील बोलण्याचा: हवा घशाखाली ढकलायची आणि ढेकर देतात तशी परत आणून तिच्यावर बोलायचे. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी मात्र खूप लागते, आणि सगळ्यांना ते साधत नाही.

तिसरा प्रकार व्हॉल्व्हचा, आणि सौदे पुकारणाऱ्या माणसासाठी मी आधी त्याचाच विचार करेन. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बारीक छिद्र करून त्यात सिलिकॉनची छोटी, एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम या दोन अमेरिकी तज्ज्ञांनी 1980 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. रुग्ण श्वास घेतो, मानेवरचे भोक अंगठ्याने बंद करतो, आणि फुप्फुसांतली हवा झडपेतून घशात शिरून तिथल्या अस्तराला थरथरवते. हवा फुप्फुसांची असल्यामुळे वाक्य लांब येते, आवाजात चढउतार येतो. तो पहिल्यासारखा नसतो. जाड आणि थोडा खरखरीत असतो, पण माणूस ओळखू येतो. ‘ह’ मात्र रुसतो, कारण ‘ह’ खुद्द स्वरयंत्रातच तयार होणारे अक्षर आहे. त्यामुळे ‘हो’ म्हणायचे तर ‘ओ’ येते. माझी एक रुग्ण, विड्या वळणारी तेलुगू भाषक आजी, यावर हसून म्हणायची की आता नवऱ्याला वाटते मी त्याच्या हाकेला ‘ओ’ देते आहे, आणि मी तर त्याला नुसते ‘हो’ म्हणत असते.

व्हॉल्व्हची देखभाल लागते. तो रोज बारीक ब्रशने साफ करावा लागतो; त्यावर बुरशी बसली की नीट मिटत नाही आणि पाणी पिताना त्यातून थेंब श्वासनलिकेत गळतो, मग खोकला येतो. अशा वेळी तो बदलतात, काही महिन्यांनी बदलणे हे धरूनच चालावे. ओपीडीत बसल्या बसल्या हे काम होते. परदेशी व्हॉल्व्हची किंमत हजारांत जाते आणि इथेच गरीब रुग्णाचा धीर सुटतो. बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी याच अडचणीवर ‘ओम’ नावाचा, साधारण 50 रुपयांचा व्हॉल्व्ह तयार केला. तुमच्या सर्जनकडे कोणता मिळतो, तो बदलायला कुठे यावे लागेल आणि बोलणे शिकवणारा वाणीतज्ज्ञ कोण आहे, हे ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवा. यार्डातल्या गलक्यात पुकारण्याइतका आवाज चढेलच असे वचन मी देणार नाही. पण छोटा माइक गळ्यात अडकवून दुकानदारी करणारे माझे रुग्ण आहेत, आणि आडतीवर हिशेब, तोलाई व खरेदीदारांशी बोलणी ही कामे अशा आवाजात व्यवस्थित होतात.

मानेवरच्या भोकासह सोलापुरात राहण्याच्या काही खास गोष्टी आहेत, त्या पुस्तकात सापडणार नाहीत. आपला उन्हाळा कोरडा आणि 43 अंशांपर्यंत जाणारा. नाकाने हवा ओली व गार करण्याची सोय गेल्यामुळे श्वासनलिकेत खपल्या धरतात. म्हणून भोकावर सतत ओलसर कापड किंवा हवेत ओलावा टिकवणारी फिल्टरची टोपी हवी. इथे प्रत्येक घरात सोलापुरी टॉवेल असतो आणि लोक हौसेने त्याचाच तुकडा गळ्याला बांधतात. तसे करू नका. टॉवेलाचे सुटलेले दोरे आत ओढले जातात. एका यंत्रमाग कामगाराच्या श्वासनलिकेतून मी चिमट्याने बोटाच्या पेराएवढा सुताचा गोळा काढला आहे. जुन्या मलमलीचा दुपदरी, कडा शिवलेला रुमाल सर्वांत चांगला. कांद्याच्या वखारीतल्या फोलपटांपासून आणि धुळीपासूनही याच रुमालाने राखण होते.

अंघोळीत पाणी गळ्याखालून घ्यायचे आणि पोहणे बंद. वडील आषाढीला पंढरपूरला जात असतील तर चंद्रभागेत बुडी मारता येणार नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून ओंजळीने अंगावर पाणी घ्यावे. वास कळेनासा होतो, कारण हवा नाकातून जातच नाही. ओठ मिटून आतल्या आत जांभई देतात तसा जबडा खाली ओढण्याचा व्यायाम असतो, त्याने बऱ्याच जणांना वास परत येतो, आणि सडका कांदा वासावरून ओळखणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. जेवण मात्र तोंडानेच होते, आणि वाटा वेगळ्या झाल्यामुळे, व्हॉल्व्ह गळत नसला तर, ठसका लागत नाही. रेडिएशनने तोंड कोरडे पडते, तेव्हा कडक भाकरी काही महिने आमटीत कुस्करून खावी लागेल. रेडिएशननंतर थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या. थकवा आणि सुस्ती म्हणजे आजार उलटला असे समजून घरचे हवालदिल होतात आणि पुष्कळदा ते थायरॉइडचे असते.

आणखी एक गोष्ट खिशात चिठ्ठी करून ठेवा: ‘मी मानेतून श्वास घेतो.’ माझ्या एका रुग्णाला चक्कर आली म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले, तिथल्या परिचारिकेने मनापासून धावपळ करून ऑक्सिजनचा मास्क त्याच्या नाकावर बांधला, आणि मानेवरच्या भोकावर चादर ओढली. मुलाने वेळीच चादर बाजूला केली म्हणून बरे. ऑक्सिजन मानेवर द्यायचा असतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

पैशाबद्दल तुम्ही लिहिले आहे की गरज पडली तर मोहोळकडची दोन एकर जमीन विकाल. ती विकू नका. कॅन्सरच्या ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. व्हॉल्व्ह त्यात बसतो का, हे मात्र वेगळे विचारा.

ऑपरेशनची तारीख ठरली की तीन कामे करा. स्वरयंत्र काढून वर्ष-दोन वर्षे झालेला आणि व्हॉल्व्हवर बोलणारा एखादा रुग्ण तुमच्या सर्जनमार्फत शोधा आणि वडिलांची त्याच्याशी अर्धा तास गाठ घालून द्या. त्या अर्ध्या तासात तुम्ही किंवा मी बाहेर थांबलेलेच बरे. पहिले दहा-बारा दिवस ते अजिबात बोलू शकणार नाहीत, म्हणून पाटी-पेन्सिल घ्या आणि ‘दुखते’, ‘कफ काढा’, ‘पाणी’, ‘उशी’ एवढे शब्द मोठ्या अक्षरांत आधीच लिहून ठेवा, कारण गुंगीत हात थरथरतो. आणि आवाज बसलेला का असेना, एखाद्या सकाळी यार्डात जाऊन त्यांचा एक पूर्ण सौदा फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. वाणीतज्ज्ञ पुढे त्यांना शिकवायला बसेल, तेव्हा ते कुठे थांबतात, कुठे चढतात, आकडा कसा तोडतात हे त्याला त्या ध्वनिमुद्रणातून कळेल, आणि शिकवणी वर्णमालेऐवजी कांद्याच्या भावापासून सुरू करता येईल.